मदत हवी : चिलटांनी जीव नकोसा केलाय, लवकर सांगा

बीडची_सूनबाई :
आठ दिवस झाले, घरात चिलटंच चिलटं. स्प्रे मारला, कापूर जाळला, दोन दिवसांत पुन्हा तेवढीच. रविवारी पाहुणे येणार आहेत. खात्रीचा उपाय सांगा.

गोदाकाठ :
ओट्यावर की मोरीत? मोरीच्या भिंतीला चिकटून बसणारी, केसाळ पंखांची असतील तर ती वेगळी माशी. ती पाइपातल्या गाळात वाढते. डोळे लाल आहेत का?

बीडची_सूनबाई :
डोळे कोण बघत बसणार! ओट्यावर आहेत. फळं सगळी फ्रिजमध्ये, बाहेर काहीच नाही.

केसर_बागायतदार :
मिथिल युजेनॉलचा, म्हणजे माश्यांना ओढणाऱ्या वासाच्या रसायनाचा, सापळा टांगा. माझ्या आंब्याच्या बागेत लई फरक पडला.

गोदाकाठ :
काका, तो आंब्यातल्या फळमाशीचा सापळा, त्यातही नुसते नर येतात. घरातलं चिलट म्हणजे लाल डोळ्यांची ड्रोसोफिला माशी, जेमतेम ३ मिलिमीटर. त्याला आंबलेल्याचा वास ओढतो. ताई, वाटीत व्हिनेगर घ्या, भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब टाका. साबणानं वरचा ताण मोडतो, माशी टेकली की बुडते.

केसर_बागायतदार :
फळावरची माशी ती फळमाशीच. मी स्वतः वापरलंय, ऐकीव सांगत नाही.

विज्ञान_शिक्षक :
ताई, मारण्याआधी मुलांना भिंगातून दाखवा. याच माशीत थॉमस मॉर्गन या अमेरिकन शास्त्रज्ञांना १९१० मध्ये पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला आणि जनुकं गुणसूत्रांवर असतात हे उलगडत गेलं. १९३३ चं नोबेल त्याच कामाला.

बीडची_सूनबाई :
सर, मला ती घालवायचीत. वाटीत रात्रीतून पन्नासेक बुडाली, सकाळी पुन्हा हजर!

गोदाकाठ :
म्हणजे घरातच कुठंतरी पैदास चालू आहे. एक मादी शेकड्यांनी अंडी घालते आणि २५ अंशाला दहा दिवसांत अंड्याची माशी होते. स्प्रेनं उडणाऱ्या मरतात, सडक्यातल्या अळ्या तशाच राहतात. कांदे-बटाटे कुठं ठेवता?

बीडची_सूनबाई :
जिन्याखाली. स्वयंपाकघरात नाहीत म्हणून सांगितलं नव्हतं. बघते.

बीडची_सूनबाई :
सापडलं! कांद्याच्या गोणीत तळाला एक बटाटा पार पाणी झालेला. त्यात कणीएवढ्या पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या, गोणीच्या धाग्यांना तपकिरी कोष चिकटलेले. चांगले कांदे पंख्याखाली पसरले, बाकी सगळं गोणीसकट परसात खोल पुरलं. फरशी गरम पाण्यानं पुसली. आता रविवारपर्यंत जातील ना?

गोदाकाठ :
एखादा कोष कोपऱ्यात राहिला असेल तर अजून चार-पाच दिवस तुरळक निघतील. वाटी जिन्याखाली ठेवा, व्हिनेगर रोज बदला.