आईच्या आईचा मोक्ष आणि मी सोडलेले चर्च

खानापूरकर (धागाकर्ता):
मी कॅथलिक. माझा स्नानसंस्कार (बाप्तिस्मा), पहिले ख्रिस्तशरीर (उपासनेत मिळणारी पवित्र भाकर) आणि दृढीकरण (विश्वास पक्का करणारा संस्कार) बेळगाव धर्मप्रांतातच झाले. गेली चार वर्षे मात्र मी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, जात नाही. त्याचे कारण माझी आजी. आईने लग्नाच्या वेळी स्नानसंस्कार घेतला, पण तिची आई वारकरी होती. गळ्यात तुळशीची माळ, एकादशीचा उपवास आणि अंगात बळ होते तोवर पायी पंढरपूर. शेवटची दहा वर्षे ती आमच्याकडे राहिली. संध्याकाळी आम्ही रोझरी (जपमाळेची प्रार्थना) म्हणत असताना ती हात जोडून शेजारी बसे, माझ्याकडून बायबलमधले शुभवर्तमान वाचून घेई, येशूच्या दुःखसहनाने तिचे डोळे भरून येत, आणि त्यानंतर ती आपला हरिपाठ म्हणे. ती गेल्यावर मी एका धर्मगुरूंना विचारले, आजी कुठे असेल? "तिच्यासाठी प्रार्थना करीत जा," असे ते म्हणाले. ते बोलणे मायेचे होते, पण माझा प्रश्न तसाच राहिला.

अनंत नरकावरचा विश्वास माझ्याच्याने आता कबूल करवत नाही. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ओरिजेन या ख्रिस्ती विचारवंताने सारी सृष्टी अखेरीस देवाकडे परतेल अशी आशा मांडली होती. सहाव्या शतकात चर्चने त्याच्या मतांचा निषेध केला. मी तिथूनच पुन्हा विचार करू पाहतो आहे: देव एक, येशू त्याचे मला दिसलेले सर्वांत स्पष्ट रूप, आणि विठ्ठलाला घातलेली हाकही त्याच्याच दारी पोहोचणारी. हा विचार एकट्याने करावा का?

कॅम्पवासी:
चर्चची जी शिकवण नाही, तिच्यावर रागावून तुम्ही बाहेर पडला आहात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, १९६४ मध्येच आपल्या दस्तऐवजात स्पष्ट केले आहे की, स्वतःच्या दोषाविना ज्यांना ख्रिस्ताचे शुभवर्तमान ठाऊक नाही, पण जे प्रामाणिक मनाने देवाला शोधतात, त्यांनाही तारण मिळू शकते. शिवाय चर्चने आजवर कुणाचेही नाव घेऊन तो नरकात आहे असे जाहीर केलेले नाही. स्नानसंस्काराची आत्म्यावर उमटलेली मुद्रा पुसली जात नाही, म्हणून तुम्ही गेलात असे तुम्ही म्हणता, चर्च म्हणत नाही.

खानापूरकर:
तो दस्तऐवज मी वाचला आहे आणि माझी अडचण नेमकी त्याच वाक्यात आहे. आजीला शुभवर्तमान ठाऊक होते. दहा वर्षे ऐकून, त्यावर प्रेम करूनही ती विठ्ठलापाशीच राहिली. अज्ञानाची सवलत घेऊन तिला स्वर्गात नेणे मला तिचा अपमान वाटतो.

कॅम्पवासी:
हा मुद्दा गंभीर आहे, मान्य करतो. पण आपण जे ऐकवले तेच तिला खऱ्या अर्थाने कळले होते, हे तुम्ही तरी कशावरून ठरवता? तो न्याय मी देवावर सोपवतो.

निपाणीकर:
माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगणाऱ्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला, आणि स्नानसंस्कार झालेल्या व न झालेल्या दोघांनाही तिथे जागा दिली. १९१९ मध्ये ते वारले आणि दरबाराला त्यांच्यासारखा माणूस पुन्हा मिळाला नाही. एवढ्या थोर कवीची ही गत, तर तुमच्या घरातल्या वहीतला विचार तुमच्या मुलांपर्यंत कसा पोहोचणार? चुकलात तर "चुकलास" असे कोण सांगणार?

बैलहोंगलकर:
आम्हा लिंगायतांत इष्टलिंग (पूजेचे छोटे लिंग) प्रत्येकाच्या तळहातावर असते, पूजेला मधला पुजारी लागत नाही. तरी ते गुरूच्या हातून मिळते, आणि शरणांनी, म्हणजे आमच्या संतांनी, आपले अनुभव 'अनुभव मंटप' या त्यांच्या सभेत एकमेकांसमोर मांडले. खानापूरकरांनी विचार जरूर करावा, पण तो कुणाला तरी ऐकवावा.

खानापूरकर:
म्हणूनच हा धागा काढला. पुढच्या महिन्यात आईच्या वर्षश्राद्धाची मिस्सा आहे. मी जाणार आहे. ख्रिस्तशरीर घेणार नाही, आणि विश्वासांगीकाराच्या, म्हणजे सर्वांनी मिळून आपला विश्वास बोलून दाखवण्याच्या, वेळी उभा राहीन, पण मला पटतात तेवढीच वाक्ये म्हणेन.

कॅम्पवासी:
जरूर या. माझ्या शेजारी बसा. उरलेली वाक्ये मी म्हणेन, आणि आजीचे नाव सांगितलेत तर तिच्यासाठीही प्रार्थना करीन.