‘समजलं का?’ ‘होऽऽ!’ : वर्गात प्रश्न विचारायला कोडकार्ड की पाटी?

खडूफळा (धागा सुरू करताना)

प्राथमिकच्या वर्गात ‘समजलं का?’ असं विचारलं की ‘होऽऽ’ असा एका सुरात होकार येतो, आणि त्यातून शिक्षकाला काहीही कळत नाही. हात वर करायला सांगितलं तर रोजची पाच-सहा मुलंच बोलतात. आपली पाळी येत नाही, हे मागच्या ओळीतल्या मुलांना पक्कं ठाऊक असतं. माझं मत स्पष्ट आहे. ३०-३५ पटाचा वर्ग आणि शिक्षकाकडचा एक फोन एवढ्यावर भागवायचं असेल, तर प्लिकर्ससारख्या कोडकार्डांइतकं उपयोगी डिजिटल साधन दुसरं नाही. मुलांच्या हातात फोन नको, टॅब नको.

ज्यांनी पाहिली नसतील त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रत्येक मुलाला एक कागदी कार्ड. त्यावर क्यूआर कोडच्या जातीचा काळा ठसा. प्रत्येकाचा आकार आणि क्रमांक वेगळा. चार बाजूंना बारीक अक्षरांत ए, बी, सी, डी. जे उत्तर वाटतं ते अक्षर वर येईल असं कार्ड फिरवून धरायचं. शिक्षक फोनचा कॅमेरा वर्गावरून सावकाश फिरवतो आणि कोणत्या क्रमांकाने काय निवडलं ते पडद्यावर उमटतं. ठसे सारखे नसल्याने शेजाऱ्याचं बघून फिरवणंही अवघड जातं.

बिघडतं ते बहुतेक वेळा कार्डं तयार करताना. चकचकीत लॅमिनेशन केलं की खिडकीचा उजेड कार्डावर पडतो आणि कॅमेऱ्याला ठसा दिसतच नाही. जाड कार्डशीटवर छापा, लॅमिनेशन करायचंच तर मॅट करा. मुलं कार्ड मधोमध पकडतात आणि बोटं ठशावर येतात. ‘दोन्ही हातांनी कोपरे धरा’ ही सवय पहिल्या दिवशीच लावावी लागते. मुलं सतरंजीवर बसत असतील तर पुढच्याच्या डोक्याआड मागचं कार्ड झाकलं जातं, म्हणून अर्धवर्तुळात बसवा. प्रश्न फळ्यावर लिहा आणि दोनदा मोठ्याने वाचा. नाहीतर दुसरीत आपण गणित तपासतोय असं समजतो आणि प्रत्यक्षात वाचन तपासतो.

पण खरी मेहनत आहे ती पर्यायांत. दुसरीचा एक प्रश्न बघा: ‘एकोणपन्नास’ अंकांत कसे लिहाल? ए) ५९, बी) ४९, सी) ९४, डी) ५१. ज्याने ‘पन्नास’ ऐकून त्याला ९ जोडला तो ए निवडतो. आपल्या संख्यानामांत एकक आधी बोलतात (पंचवीस म्हणजे पाच आणि वीस) आणि लिहिताना दशक आधी लिहितात. त्या ओढीने ज्याचे अंक उलटतात तो सी वर जातो. ‘एकोण’ म्हणजे एकाचा फरक इतकंच ज्याला कळलंय, पण कमी की जास्त ते कळलेलं नाही, तो डी वर. म्हणजे प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे एक वेगळी गैरसमजूत बसवलेली आहे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात सत्तावीसला ‘वीस सात’ अशा वाचनाचा पर्याय आला तेव्हा राज्यभर वाद झाला. त्यामागची अडचण नेमकी हीच होती, एकक आधी बोलायचं आणि दशक आधी लिहायचं.

असे प्रश्न तासाला एक किंवा दोन. त्याहून जास्त नकोत.

पाटीपेन्सिल

सहमत नाही. समस्या तुम्ही अचूक मांडली, पण उपाय महागडा निवडला. मी पैशांबद्दल म्हणत नाही, माहितीबद्दल म्हणतेय. कार्ड तुम्हाला एक अक्षर देतं, पाटी मुलाचं अख्खं गणित दाखवते.

तिसरीचं साधं उदाहरण घ्या: ५२ − २७. बरोबर उत्तर २५. ज्या मुलाला वाटतं की मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा, ते एककात ७ − २ = ५ करतं, दशकात ५ − २ = ३. उत्तर ३५. आता दुसरं मूल. त्याला हातचा घ्यायचा असतो हे माहीत आहे, ते १२ − ७ = ५ करतं, पण दशकातला ५ खोडून ४ करायला विसरतं. त्याचंही उत्तर ३५! पहिल्याला वजाबाकीचीच मांडणी कळलेली नाही, त्याला दशकाच्या दांड्या आणि सुट्ट्या काड्या घेऊन बसवावं लागेल. दुसऱ्याला एक खूण विसरू नकोस एवढंच सांगायचंय. तुमच्या पडद्यावर दोघंही एकाच रंगात ‘सी’. पाटीवर मात्र २ च्या डोक्यावरचा १ लांबूनही दिसतो.

पद्धत तीन आज्ञांची: ‘लिहा’, ‘पालथी घाला’, ‘दाखवा’. मधली आज्ञा सर्वांत महत्त्वाची, कारण सगळ्यांचं लिहून होईपर्यंत कोणाचंच उत्तर उघडं पडत नाही. यात ना नेट लागतं, ना चार्जिंग.

शिवाय चार पर्यायांत अंदाजाने खूण करणाऱ्याचंही चारात एकदा बरोबर येतं. ३२ मुलांच्या वर्गात निव्वळ अंदाजाने सुमारे ८ बरोबर उत्तरं मिळतील. पाटीवर ती सोय नाही.

खडूफळा

वजाबाकीचं उदाहरण उत्तम आहे, पण तो दोष कार्डाचा नाही, निवडलेल्या संख्यांचा आहे. ७ आणि २ मध्ये फरक ५ आहे आणि एककांत फरक ५ असला की या दोन चुका नेहमी एकाच उत्तरावर येतात. फरक बदला. ५२ − २९ द्या. मोठ्यातून लहान वजा करणाऱ्याचं उत्तर ३७, हातचा वजा करायला विसरणाऱ्याचं ३३, बरोबर उत्तर २३, आणि चौथा पर्याय ८१, म्हणजे चिन्ह न बघता बेरीज करणारं मूल. चारही वेगळे झाले. हे पाटीसाठीही लागू आहे. ५२ − २७ हा प्रश्न पाटीवरही कमजोरच, कारण बरीच मुलं हातच्याची खूण करतच नाहीत, मनात करतात.

अंदाजाचा मुद्दा मान्य. म्हणूनच एका प्रश्नावरून मुलाबद्दल निष्कर्ष काढू नये, वर्गाबद्दल काढावा. ३२ पैकी ११ जण ३७ वर गेले, तर तो अंदाज नाही.

आता पाटीची अडचण सांगतो. ३२ पाट्या एकदम वर आल्या की शिक्षक फार तर दहा-बारा नीट वाचतो. मागच्या पाट्यांवरची फिकट पेन्सिल दिसत नाही. पाटी पुसली की पुरावा गेला. संध्याकाळी ‘उद्या कोणाला वेगळं घेऊन बसू?’ असं ठरवायला हातात काहीच उरत नाही. कार्डांमध्ये ११ क्रमांकांची यादी तयार असते. मला ती यादीच हवी आहे.

पाटीपेन्सिल

यादी पाटीतूनही मिळते आणि त्यालाही तुमचाच फोन पुरतो. प्रत्येक पाटीच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात हजेरी क्रमांक लिहायला लावा. ‘दाखवा’ झाल्यावर ‘खाली ठेवा’ म्हणा; पाट्या पायांपुढे जमिनीवर, अक्षरं शिक्षकाकडे. ओळींमधून चालत ओळीला एक असे चार फोटो. फ्लॅश बंद, फोन आडवा, पाटीच्या सरळ वर. तिरका धरला तर दगडी पाटीही चमकते. दोन मिनिटांचं काम आहे. चेहरे येत नाहीत, नावं येत नाहीत. संध्याकाळी फोटो मोठे करून बघा, ११ चुकांचे तीन गट तिथंच पडतात.

हेही डिजिटल साधनच आहे. फक्त प्रश्नाला चार चौकटींत कोंबावं लागत नाही.

बोलीभाषा

दोघांचीही चर्चा गणितावर अडकली आहे. मेळघाटातली कोरकू बोलणारी किंवा नंदुरबारची पावरी बोलणारी मुलं पहिली-दुसरीत मराठी प्रश्न समजतात, पण मराठीत उत्तर द्यायला कचरतात. त्यांच्यासाठी न बोलता उत्तर देता येणारं कार्ड सुरुवातीला खरोखर मोकळीक देतं, यात मी खडूफळा यांच्या बाजूने. पण धोकाही तिथेच आहे. वर्षभर कार्डच फिरवलं तर मूल बोलणारच कधी? ‘कावळ्याने खडे का टाकले?’ याला ए-बी-सी-डी नसतं.

अशा प्रश्नांना फोनमधला साधा ध्वनिमुद्रक वापरा. तीन-चार मुलांचा गट, एक प्रश्न, आधी आपसात हव्या त्या भाषेत बोलू द्या, मग वीसेक सेकंदांचं उत्तर. फोन तोंडापासून वीतभर लांब धरा. जवळ धरला की श्वासच ऐकू येतो. पत्र्याच्या छपरावर पाऊस असेल तर त्या दिवशी नाद सोडा. मग सगळ्या वर्गाला ते ऐकवून विचारायचं, ‘यात अजून काय सांगता येईल?’ हा दुसरा प्रश्नच मोलाचा असतो. आपला आवाज ऐकल्यावर मुलं स्वतःहून वाक्य सुधारतात.

आणि एक. पडद्यावर गरगर फिरून नाव निवडणारं चक्र वापरणाऱ्यांना कळकळीची विनंती: नाव आधी काढू नका. नाव आलं की उरलेला वर्ग विचार करणं थांबवतो. आधी प्रश्न, मग शांतता, मग नाव. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गांच्या ध्वनिफिती तपासल्या. तेव्हा प्रश्नानंतर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबत असल्याचं दिसलं. ही शांतता तीन सेकंदांवर नेली की उत्तरं लांब होतात, ‘माहीत नाही’ कमी होतं आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात. या मूळ गोष्टीला कुठलंच ॲप लागत नाही. चक्राच्या आवाजाने उलट ती शांतता मोडते.

दोनशिक्षकी

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ६० पटापर्यंत दोन शिक्षक. म्हणजे असंख्य शाळांत एका खोलीत एकावेळी दोन वर्ग, दोन अभ्यासक्रम. त्या खोलीत दुसरीसाठी कार्डांचा प्रयोग चालू झाला की तिसरीची मुलं माना वर करून बघत बसतात आणि त्यांचं काम थांबतं. पाटी मात्र दोन्ही वर्गांना एकाच आज्ञेत चालते: फळ्याच्या डाव्या अर्ध्यावर दुसरीचा प्रश्न, उजव्यावर तिसरीचा, ‘लिहा’ एकच. आणि १२-१५ पट असेल तर कार्डही नको, फोटोही नको. फिरून प्रत्येकाच्या खांद्यावरून पाहता येतं, तेच करावं.

कार्डं वापरणाऱ्यांनी एक पथ्य पाळावं: ॲपमध्ये मुलांची नावं भरू नका, हजेरी क्रमांक पुरतो. २०२३च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकाची संमती हा मुख्य नियम आहे.

प्रश्न एआयकडून लिहून घेणारेही वाढलेत. त्यात दोन दोष हटकून येतात. बरोबर पर्यायच सर्वांत लांबलचक असतो, तो मुलं न वाचता ओळखतात. आणि चुकीचे पर्याय कुठूनही उचललेले असतात. ५२ − २९ ला ‘१००’ हा पर्याय देऊन कोणाची कोणती चूक कळणार? मुलांच्या जुन्या वह्यांतल्या चुका उतरवून घ्या, पर्याय तिथे तयार मिळतात.

खडूफळा

दोन वर्गांच्या खोलीबद्दल माझी सूचना मागे घेतो. तिथे पाटीच. फोटोची रीतही पटली, फक्त रोज चार फोटो तपासायचे तर संध्याकाळचा अर्धा तास जातो हे धरून चला. मोठ्या पटाला, पाठाच्या मध्यावर, ‘पुढे जाऊ की थांबू?’ हे अर्ध्या मिनिटात ठरवायचं असेल तर कार्डच हवं, यावर मी ठाम आहे. आणि आकडे दिसल्यावर लगेच बरोबर उत्तर सांगू नका. पडदा झाकलेलाच ठेवा, वेगळं उत्तर असलेल्या जोड्या करून मिनिटभर एकमेकांना पटवू द्या, पुन्हा कार्डं वर. हार्वर्डमध्ये एरिक मझूर १९९१ पासून भौतिकशास्त्राच्या तासाला हेच करत आले. साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर असतील तेव्हा चर्चेचा फायदा सर्वाधिक. त्याखाली असेल तर पुन्हा शिकवावंच लागतं.

पाटीपेन्सिल

चौथीत हे अपूर्णांकांवर करून बघा म्हणजे माझा मुद्दा कळेल. १/३ मोठा की १/४? कार्डावर, चर्चेनंतर, बहुतेक जण १/३ वर येतील आणि वर्ग पुढे जाईल. त्याच मुलांना पाटीवर दोन भाकऱ्या काढून दाखवायला सांगा. काही जण चार भाग करायचे म्हणून दुसरी भाकरी मोठी काढतात, काही जण तीन उभ्या पट्ट्या पाडतात ज्यांतली मधली सर्वांत मोठी असते. उत्तर बरोबर, पण ‘पूर्ण सारखा हवा’ आणि ‘भाग समान हवेत’ या दोन्ही गोष्टी निसटलेल्या. अशा वेळी प्रत्येकाला एकच वाटी पालथी घालून दोन वर्तुळं आखायला लावा आणि मग विचारा, आता कोणता तुकडा घेशील?