सर्व्हेचं नेटवर्क पास झालं पण एका अंतराचा एमडीबी (मिनिमल डिटेक्टेबल बायस) ६२ मिमी, काय समजायचं?

बांधावरचा:
पेडण्यात तेरेखोलच्या काठी खाजनाच्या (भरतीचं पाणी अडवून राखलेल्या शेतजमिनीच्या) बांधावर कंट्रोल, म्हणजे मोजणीचे आधारबिंदू, केलंय, बांध सरळ म्हणून स्टेशनं पण जवळजवळ एका रेषेतच आली. लीस्ट स्क्वेअर्स रन करून सगळ्या मोजण्या एकत्र जुळवल्या, काय-स्क्वेअर ही एकूण टेस्ट पास, एकही ऑब्झर्वेशन फ्लॅग नाही, मानशीजवळच्या (बांधातल्या पाण्याच्या दाराजवळच्या) शेवटच्या पॉइंटचा एरर एलिप्स, म्हणजे त्याच्या जागेची अनिश्चितता, ४ मिमीच्या आत. पण त्या पॉइंटच्या अंतराला रिडंडन्सी नंबर (बाकीच्या मोजण्या त्याला किती तपासतात ते, ० ते १ मध्ये) ०.०४ आणि एमडीबी ६२ मिमी दाखवतोय, सिग्मा (मोजणीची धरलेली अचूकता) ३ मिमी दिलाय. म्हणजे अंतरात ६२ मिमी चूक आहे का? मग रेसिड्युअल (मोजलेल्या आणि जुळवलेल्या अंतरातला फरक) अर्ध्या मिमीचाच कसा?

त्रिपाद:
चूक आहे असं तो म्हणत नाही दादा, असली तर केवढी झाल्यावर टेस्टला कळेल ते सांगतोय. बार्डाने १९६८ मध्ये डेल्फ्टला मांडलेला हिशोब, ४.१३ × ३ ÷ √०.०४ = ६२. त्यातला ४.१३ येतो ०.१% अल्फा (चूक नसताना उगाच फ्लॅग होण्याची शक्यता) आणि ८०% पॉवर (असलेली चूक सापडण्याची शक्यता) धरून, म्हणजे ६२ ची चूक असूनही पाचातून एकदा सुटेलच. आणि चुकीतला फक्त ४% भाग रेसिड्युअलमध्ये दिसतो, बाकी ९६% थेट पॉइंटच्या कोऑर्डिनेटमध्ये जाऊन बसतो. त्यामुळे छोट्या रेसिड्युअलवर आणि छोट्या एलिप्सवर विसंबू नका, एलिप्स तुम्ही दिलेल्या सिग्मावर आणि जॉमेट्रीवर येतो, चूक झाली की नाही ते त्याला माहीतच नसतं.

सत्तरीकर:
हे मी भोगलंय. वाळपईला अशाच एका कमकुवत लेगवर मिनी प्रिझम (अंतर मोजायला समोर लावायचा छोटा परावर्तक) लावला आणि इन्स्ट्रुमेंटात मोठ्याचाच कॉन्स्टंट (प्रिझमप्रमाणे अंतरात धरायची दुरुस्ती) राहिला, १७.५ मिमीचा फरक, रेसिड्युअल १ मिमी पण नव्हता, रिपोर्ट एकदम स्वच्छ. पलीकडून भिंतीची आखणी करायला घेतली तेव्हा जुळेना, दोन दिवस गेले.

बांधावरचा:
बापरे. मग बांधावरच्याच दुसऱ्या स्टेशनवरून अजून एक अंतर घेतलं तर? की सिग्मा १ मिमी करू?

त्रिपाद:
सिग्माला हात लावू नका, सिग्मा कमी केला की त्या अंतराचं वजन वाढतं, मग रिडंडन्सी आणखी खाली येते आणि एमडीबी साठीच्या आसपासच राहतो. दुसरं अंतर घ्या, पण त्याच बाजूने नको, प्रिझम तोच असला तर दोन्ही अंतरं सारखीच चुकतील आणि एकमेकांशी छान जुळतील. पॉइंटच्या पलीकडे एक स्टेशन करा, ते नेटवर्कला नीट बांधा, आणि तिथून उलट मोजा. कॉन्स्टंट चुकला असेल तर दोन अंतरांची बेरीज लगेच बोंबलेल. रिडंडन्सी ०.५ च्या जवळ जाईल आणि एमडीबी १७-१८ मिमीवर येईल.

बांधावरचा:
पलीकडे चिखल आहे, पण ओहोटीला ट्रायपॉड उभा राहील असं वाटतं. उद्या सकाळी जातो, दोन्ही प्रिझम घेऊन.