संक्रांतीचं हळदीकुंकू आणि आतल्या खोलीत बसणाऱ्या सासूबाई

तिळाची वडी
लग्नाला सहा वर्षं झाली, रथसप्तमीच्या आधीचा एखादा शनिवार बघून मी दरवर्षी हळदीकुंकू करते, फार सोवळंओवळं नाही, बिल्डिंगमधल्या वीसेक जणी येतात, हळदकुंकू, अत्तर, तिळगूळ, वाण आणि मग मटार कचोरी खात गप्पा. खरं सांगू का, देवासाठी नाहीच करत, एरवी लिफ्टमध्ये नुसतं 'हं' करणाऱ्या बायका त्या संध्याकाळी माझ्या हॉलमध्ये मांडी घालून बसतात म्हणून करते. दीड वर्षापूर्वी सासरे गेले. गेल्या संक्रांतीला वर्ष झालं नव्हतं म्हणून केलंच नाही. आता यादी करायला बसले तर सासूबाई म्हणाल्या, तुझं चालू दे, मी तेवढा वेळ आत बसते नाहीतर लेकीकडे जाते. अहो, सुगडात ऊस, बोरं, गाजर, हरभरे, लोंब्या काय काय भरायचं ते मला यांनीच शिकवलं! मी म्हटलं बसा की बाहेर, तर गप्प. आता बंदच करावं का? की नुसता 'तिळगूळ समारंभ' म्हणू? तुमच्याकडे काय करतात?

स्पष्टवक्ता
बंद करा. जिचा नवरा जिवंत तिचा मान, म्हणजे जिचा गेला तिचं काय ते आपोआपच आलं. भेटायचंच असेल तर भेळ करा. आणि ते वाण! आमच्या घरात चहाच्या गाळण्याच सात झाल्यात.

चौथा मजला
@स्पष्टवक्ता भेळपार्टी करून बघितलीये, ग्रुपवर सगळ्यांचं 'बघते, जमलं तर', आल्या पाच. हळदीकुंकवाला तसं होत नाही, नाहीच जमलं तरी बाई ऑफिसमधून येता येता दोन मिनिटं टेकते, कुंकू लावून घेते आणि जाते, कारण ते बोलावणं मोडायचं नसतं हे डोक्यात बसलेलं असतं. आमच्या आजीला तर गावात एकटीने दुसऱ्याच्या घरी जायला हे एकच कारण चालायचं, घरातले पुरुषसुद्धा अडवायचे नाहीत. चैत्रगौरीचं तर तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर चालू, आज हिच्याकडे आंब्याची डाळ आणि पन्हं, उद्या तिच्याकडे. म्हणून बंद करू नका म्हणते. पण सासूबाईंना आत बसवून मीही नाही करणार.

शिरोळकर
आमच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडचं नाव ऐकलंच असेल. मे २०२२ मध्ये, शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या वेळी, ग्रामसभेनं ठराव केला की नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या गावांनी पण असं करावं म्हणून सांगितलं. मी शेजारच्या गावचा. ठराव झाला म्हणून आमच्या चुलतीनं लगेच कपाळ पुढं केलं असं काही झालं नाही बरं का, पहिल्यांदा लावून घेतलं ते दोन वर्षांनी, घरातल्याच लग्नात, ते पण तिच्या जावेनं लावलं म्हणून.

आज्जी बटव्यासकट
वडी, मी स्वतः अकरा वर्षं त्याच आतल्या खोलीतली, म्हणून लिहिते. पहिल्या वर्षी आमच्या सूनबाईंनी मला सगळ्यांसमोर हाताला धरून बाहेर आणलं, कुंकू लावलं, टाळ्या काय, फोटो काय. पोरीचा हेतू चांगला, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, मी काय प्रदर्शनात मांडलेली बाहुली आहे का गं? त्यात एक शेजारीण हळूच उठून गॅलरीत गेली ते मीच बघितलं. तुझ्या सासूबाई गप्प आहेत ते बहुतेक त्या गॅलरीतल्या बाईला भिऊन. तर आधी तुझ्या जवळच्या दोन-तीन जणींच्या कानावर घाल. आणि कुंकवाचं राहू दे, त्यांचं त्या ठरवतील, पण तिळगूळ त्यांच्या हातून वाटायला लाव, तिळगुळाला सवाष्ण-बिवाष्ण काही नसतं, तो मोठ्यांच्याच हातून घ्यायचा असतो. नाव मात्र बदलू नकोस, नाव बदललंस की त्यांना वाटेल माझ्यामुळे बदललं.

तिळाची वडी
आज्जी, तुमचा मेसेज तीनदा वाचला. काल रात्री भांडी लावताना सहज विचारल्यासारखं विचारलं. आधी काहीच नाही, मग म्हणाल्या तिळगूळ मी देते, अत्तरही लावते, कुंकू मला नको, कुणी आग्रह केला तर तू सांग. चालेल म्हटलं. आज सकाळपासून वाणावरून वाद चालू आहे, मला कापडी पिशव्या द्यायच्यात, त्या म्हणतायत पिशवी काय देतेस, स्टीलच्या वाट्या आण.