वेब्ली मार्क ६ : मागून घासलेले सिलिंडर आणि .४५५ ची काडतुसे

प्रश्न :
मी अमेरिकेत राहतो. येथील एका लिलावात पहिल्या महायुद्धातील वेब्ली मार्क ६ रिव्हॉल्व्हर विक्रीस आहे. ते मूळचे .४५५ मापाचे असूनही यादीत ‘.४५ एसीपी (अमेरिकी स्वयंचलित पिस्तुलाचे काडतूस) चालते’ असे लिहिले आहे आणि सिलिंडरची मागची बाजू घासल्यासारखी चकचकीत दिसते. हा बदल सैन्यानेच केला असेल काय? सोबतच्या रिकाम्या पुंगळ्यांत काही आखूड, तर काही लांब आहेत, त्याचेही कारण समजावे.

प्रतिसाद १ :
सैन्याने नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतर ही रिव्हॉल्व्हरे अमेरिकेत स्वस्तात विकली गेली, परंतु .४५५ ची काडतुसे तेथे दुर्मीळ असल्यामुळे व्यापाऱ्यांनी सिलिंडर मागून घासून, बिनकडेची (तळाला बाहेर आलेली कडा नसलेली) .४५ एसीपी काडतुसे अर्धचंद्राकृती क्लिपमध्ये अडकवून बसतील एवढी जागा केली. काडतूस बसते, हे खरे, पण .४५ एसीपीचा दाब .४५५ च्या सुमारे दीडपट असतो, आणि १९१५ साली स्वीकारलेले हे शस्त्र त्या दाबासाठी घडवलेले नाही. ‘चालते’ हा शब्द विक्रेत्याच्या सोयीचा आहे. कारखान्यात भरलेली .४५ एसीपी काडतुसे त्यात मुळीच वापरू नयेत.

प्रतिसाद २ :
पुंगळ्यांविषयी. .४५५ च्या मार्क १ (पहिल्या नमुन्याच्या) काडतुसाची पुंगळी सुमारे २२ मिलिमीटर लांब होती, कारण काळ्या दारूला जागा जास्त लागे. कॉर्डाइट ही बिनधुराची दारू आल्यावर तेवढ्या जागेची गरज उरली नाही, म्हणून १८९७ च्या मार्क २ मध्ये ती अडीच मिलिमीटरने आखूड झाली. मात्र लांब पुंगळी म्हणजे जुनीच, असे समजू नये. कॅनडात लांब पुंगळीचे उत्पादन पुढेही चालू राहिले. तळावरचा शिक्का वाचल्याशिवाय वय सांगता येणार नाही.

संग्राहक खरे तर शोधतात ते १८९८ चे मार्क ३ काडतूस. त्याच्या शिशाच्या गोळीला दोन्ही टोकांना पोकळी असे, त्यामुळे ती अंगात शिरताच फाकत असे. शरीरात पसरणाऱ्या गोळ्यांवर १८९९ च्या हेग परिषदेत बंदीचा ठराव झाला आणि हे काडतूस लवकरच सेवेतून काढून घेण्यात आले. (त्या वादात गाजलेली दमदम गोळी आपल्याच कोलकात्याजवळच्या कारखान्यातली, ती मात्र रायफलीची.)

प्रश्नकर्ता :
आभारी आहे. मग घासलेल्या सिलिंडरात .४५५ ची काडतुसे चालतील काय?

प्रतिसाद १ :
ती मागे-पुढे सरकतात, त्यामुळे घोड्याचा आघात नीट बसत नाही. संग्रहासाठीच घ्यायचे असेल, तर न घासलेल्या नगाची वाट पाहावी. किमतीतला फरक रास्त असतो.