तुमच्या जन्मवर्षातली आवडती गाणी: अनुभव धागा

माळा आवरताना आज ७८ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी, एक जुनी तबकडी हाती आली. लेबलवर गाणं आहे, गायिका आहे, क्रमांक आहे, साल मात्र कुठेच नाही. हल्ली साठी-पंचाहत्तरीला जन्मवर्षातली गाणी लावायची पद्धत पडलीय. निवडताना साल कसं ठरवता, काय चुकतं, ते लिहा.

माझा हिशेब असा: चित्रपटगीताला चित्रपट लागला ते साल, नाट्यगीताला पहिल्या प्रयोगाचं, भावगीताला तबकडी निघाली ते. तासाभराला १५ गाणी पुरतात. ७८च्या एका बाजूत सव्वातीन मिनिटांच्या आसपासच मावायचं आणि पुढेही बरीच वर्षं गाणी त्याच मापाची राहिली. आधी ४० लिहून काढायची, मग एकाच संगीतकाराची दोनपेक्षा जास्त असतील ती कमी करायची. १९६०ला हे फार जड जातं. 'जगाच्या पाठीवर'मधलं 'एक धागा सुखाचा' ठेवलं की 'जग हे बंदिशाला' सोडवत नाही, आणि लगेच 'तुला पाहते रे' आठवतं. सगळं गदिमा-बाबूजींचं, म्हणजे गीतकार माडगूळकर आणि संगीतकार सुधीर फडके यांचं.

रेडिओवेडा
ॲपवर गाण्याखाली दिसणारं साल धरूच नका. ते बहुतेक वेळा संकलनाचं किंवा डिजिटल आवृत्तीचं असतं. 'बुगडी माझी सांडली गं' १९५९च्या 'सांगत्ये ऐका'मधलं, पण संकलनात ते चाळीस-पन्नास वर्षं पुढच्या सालाखाली दिसू शकतं. एलपी (जास्त वेळ वाजणारी मोठी तबकडी) किंवा कॅसेट घरात असेल तर वेष्टनाच्या मागे वर्तुळातला पी शोधा. ते ध्वनिमुद्रण प्रकाशित झाल्याचं साल. वर्तुळातला सी हा वेष्टन आणि मजकुराचा. दोन्ही वेगळे असले तर पी बघा.

सातारकर काकू
कुकर लावलाय, तीन शिट्ट्यांत लिहिते. १९७२वाल्यांनी 'पिंजरा' आणि 'पाकीजा' दोन्ही घ्यावेत. एकीकडे राम कदम-खेबुडकर, दुसरीकडे गुलाम मोहम्मद. 'दे रे कान्हा'नंतर लगेच 'चलते चलते' लावू नका, मध्ये एखादं हलकं गाणं टाका. दोन्ही गाणी ऐकणाऱ्याला बांधून ठेवतात, एकामागून एक आली की दुसऱ्यावर अन्याय होतो.

फितीवाला
काकू, 'पाकीजा' हेच तर अवघड उदाहरण आहे. चित्रपट लागला फेब्रुवारी १९७२मध्ये, गुलाम मोहम्मद गेले १९६८ला. म्हणजे त्यांनी केलेली गाणी निदान चार वर्षं जुनी. पार्श्वसंगीत नौशादांनी पूर्ण केलं. ध्वनिमुद्रणाचं साल धरलं तर ती १९७२च्या यादीत बसत नाहीत. पण लोकांच्या कानी ती १९७२लाच पडली, म्हणून मी प्रदर्शनाचंच साल धरतो.

सातारकर काकू
मग राहू दे. मीही तेच धरते.

गीतमाला
बिनाका गीतमाला, म्हणजे गाजलेल्या हिंदी सिनेगीतांची रेडिओवरची क्रमवारी, तिच्या वार्षिक याद्या वापरणाऱ्यांसाठी. कार्यक्रम ३ डिसेंबर १९५२ला रेडिओ सिलोनवर सुरू झाला, म्हणून १९५२ आणि त्याआधी जन्मलेल्यांना वार्षिक यादी मिळणारच नाही. दुसरं म्हणजे यादीतलं साल हे गाणं गाजल्याचं, चित्रपटाचं नाही. १९६२च्या यादीत पहिल्या क्रमांकाचं गाणं 'एहसान तेरा होगा मुझ पर', चित्रपट 'जंगली' १९६१चा. १९७२चं 'दम मारो दम', चित्रपट १९७१चा. १९७९चं 'खइके पान बनारसवाला', 'डॉन' १९७८चा. उशिरा गाजलेली गाणी अशी पुढे सरकतात. यादी जरूर वापरा, पण प्रत्येक गाण्यापुढे चित्रपटाचं साल लिहून मगच निवडा. आणि १९५३ ते ५७मध्ये जन्मलेल्यांनी हेही ध्यानात घ्यावं की त्या काळात आकाशवाणीवर सिनेगीतांना जवळजवळ जागाच नव्हती. विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ला आली. तोवर हिंदी गाणी म्हणजे सिलोनच.

कोथरूडची
गीतरामायण!! रामनवमी, १ एप्रिल १९५५, आकाशवाणीचं पुणे केंद्र. ५६ गाणी, आठवड्याला एक, म्हणजे १९५५ आणि ५६ दोघांचाही हक्क. पण आज आपण ऐकतो ते बहुधा बाबूजींनी एकट्याने गायलेलं, नंतरचं. मूळ प्रसारणात माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर असे वेगवेगळे आवाज होते. यादीत लिहिताना 'रचना १९५५, ध्वनिमुद्रण नंतरचं' असं लिहा. ते काम इतकं मोठं आहे की त्याची नोंद तरी नीट व्हावी.

डिसेंबरबाळ
वर्षअखेरीचं काय करायचं? 'मैंने प्यार किया' २९ डिसेंबर १९८९ला लागला, ऐकला सगळ्यांनी १९९०मध्ये.

रेडिओवेडा
१९८९च. नाहीतर 'कट्यार काळजात घुसली'चंही साल हलवावं लागेल, पहिला प्रयोग २४ डिसेंबर १९६७चा आहे. सेन्सॉरचं प्रमाणपत्र चित्रपटाच्या सुरुवातीला दिसतं, त्यावरची तारीख बघा, पण शेवटचा निकाल प्रदर्शनाच्या तारखेवर. 'सामना' कुठे १९७४चा लिहितात, कुठे १९७५चा. अशा वेळी त्या काळच्या वर्तमानपत्रातली जाहिरात सगळ्यात भरवशाची. 'कुणाच्या खांद्यावर कुणाचे ओझे' दोन्ही सालवाल्यांनी घेतलं तरी मी हरकत घेणार नाही.

निवडुंग ८९
१९८९मध्ये फक्त हिंदीच घेऊ नका हो! 'निवडुंग'मधलं 'केव्हा तरी पहाटे' आणि ग्रेस यांचं 'घर थकलेले संन्यासी'. कॅसेटच्या काळातल्यांना मराठी गाणी सुचतच नाहीत याचं वाईट वाटतं. १९७७ला 'जैत रे जैत' आहे, १९८२ला 'उंबरठा' आहे.

मडगांवकार
गोव्यातल्यांनी कोंकणी विसरू नये. १९६३ला 'आमचें नशीब', १९६६ला 'निर्मोण', दोन्ही फ्रँक फर्नांड यांचे. जन्म १९५०चा असेल तर पहिला कोंकणी चित्रपट 'मोगाचो आंवडो' त्याच वर्षीचा.

फितीवाला
गाणं मिळालं तरी प्रत तपासा. नव्वदीतल्या कॅसेटांवर जुन्या गाण्यांत झंकार बीट्स, म्हणजे वरून चढवलेला नवा ताल, घातलेले असायचे, मूळ तबला-ढोलक त्याखाली दबतो. ते टाळा. फीत वेगात चालवून उतरवलेली असेल तर सूर चढतो: वेग ६ टक्के जास्त म्हणजे पट्टी अर्धा स्वर वर, आणि ३ मिनिटं २० सेकंदांचं गाणं ११ सेकंद आधीच संपतं. वेगवेगळ्या प्रतींची लांबी ताडून बघा. चित्रपटात एखादं कडवं जास्त असतं, ते ७८वर मावलेलं नसतं, तो फरक वेगळा. शेवटी सगळ्या गाण्यांचा आवाज एका पातळीवर आणा, नाहीतर १९४९नंतर १९८९ लागलं की हॉलमधले दचकतात.

कोथरूडची
१९४९वरून आठवलं, 'महल'च्या 'आएगा आनेवाला'च्या पहिल्या तबकडीवर गायिका 'कामिनी' आहे, म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं नाव. लताबाईंचं नाव नाही म्हणून दुसरंच गाणं समजू नका. ताई, तुमच्या तबकडीवर कुणाचं नाव आहे?

धागाकर्ती
माणिक वर्मा. दोन्ही बाजूंना भावगीतं. बुरशी आलीय, स्पिरिटने पुसू का?

फितीवाला
नको नको! ७८ची तबकडी लाखेची असते, स्पिरिटमध्ये लाख विरघळते. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ कापडाने खोबणीच्या दिशेने गोल पुसा, लेबल कोरडं ठेवा. उभी ठेवून वाळवा, उन्हात नको. लेबलवरचा क्रमांक मात्र आधी उतरवून घ्या. कंपनीच्या जुन्या सूचिपत्रात त्याच्या मागचे-पुढचे क्रमांक सापडले की साल जवळपास कळतं.

धागाकर्ती
क्रमांक घेतला लिहून. ग्रामोफोन चावीचा आहे, डबीत सुया आहेत पण तांबूस झाल्यात.

फितीवाला
गंजलेली सुई लावू नका, खोबण खरवडते. स्टीलच्या नव्या घ्या आणि दर बाजूला सुई बदला. चावीच्या ग्रामोफोनवर एलपी तर अजिबात नको, एकदाच वाजवली तरी खराब होते. माणिकबाईंचं वाजलं की दोन्ही गाण्यांची नावं इथे टाका, साल काढू.