मदत हवी आहे: घरचा संगणक बदलताना विंडोज, मॅक की लिनक्स? जुन्या फॉन्टमधील मराठी मजकुराचे काय करावे?

मी घरून मुद्रितशोधन आणि भाषांतर करते. सध्याचा डेस्कटॉप २०१४ साली घेतलेला आहे. त्यात चौथ्या पिढीचा आय-३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क असून २०१६ मध्ये विंडोज ७ वरून विनामूल्य मिळालेले विंडोज १० त्यावर चालते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. वाढीव सुरक्षा-अद्यतनांसाठी नाव नोंदवून मी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची सवलत पदरात पाडून घेतली आहे, पण त्याने प्रश्न फक्त पुढे ढकलला गेला आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा आणि इंटेलचा सर्वसाधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागत असल्यामुळे ते या यंत्रावर अधिकृतपणे बसत नाही.

संगणक संथही झाला आहे. सकाळी बटण दाबल्यापासून पहिली फाइल उघडेपर्यंत पाच-सहा मिनिटे जातात, आणि तेवढ्या वेळात टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा रकाना शंभर टक्क्यांवर अडकलेला असतो, तर प्रोसेसर वीस टक्क्यांच्या आसपास निवांत बसलेला दिसतो. यावरून दोष प्रोसेसरचा नसून हार्ड डिस्कचा असावा, असा माझा अंदाज आहे.

मला खेळ खेळायचे नाहीत आणि व्हिडिओ संपादनही करायचे नाही. वर्ड फाइलींवर ट्रॅक चेंजेस लावून काम करणे, पीडीएफवर खुणा करणे, एका जुन्या फ्लॅटबेड स्कॅनरवरून पाने घेणे आणि ब्राउझर, एवढीच गरज आहे. घरातील इतर मंडळी हाच संगणक पत्रव्यवहारासाठी आणि हिशेबासाठी वापरतात.

खरी अडचण जुन्या मजकुराची आहे. २०१० पर्यंत मी सगळे काम एका मराठी अक्षरजुळणीच्या पॅकेजमध्ये केले. ते युनिकोडच्या (प्रत्येक लिपीतील अक्षराला ठरावीक संकेत देणाऱ्या प्रमाण पद्धतीच्या) आधीच्या पद्धतीचे आहे, म्हणजे फाइलीत प्रत्यक्षात रोमन अक्षरांचे संकेत साठवलेले असतात आणि विशिष्ट फॉन्ट लावला की तेच संकेत देवनागरी दिसतात. फॉन्ट नसेल तर पडद्यावर अर्थहीन रोमन अक्षरांचा खच पडतो. अशा सुमारे सहाशे फाइली माझ्याकडे आहेत. हे पॅकेज यूएसबीचे डोंगल (परवान्याची किल्ली असलेले छोटे उपकरण) लावल्याशिवाय उघडत नाही, आणि ते बनवणाऱ्यांनी नवी आवृत्ती काढणे केव्हाच थांबवले आहे. जुन्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या निघतात तेव्हा या फाइली मला पुन्हा उघडाव्या लागतात.

आता पर्यायांविषयी माझे मत सांगते. चुकत असेल तर दुरुस्त करावे. जुने पॅकेज विंडोजचेच असल्यामुळे विंडोज ११ असलेले नवे यंत्र घेतले की ते जसेच्या तसे चालू राहील, या एका कारणासाठी माझा कल विंडोजकडे आहे. मॅकवरील देवनागरी अक्षरे डोळ्यांना फार सुखावतात आणि तेथे वर्डही मिळते. मात्र नव्या मॅकमध्ये रॅम मागाहून वाढवता येत नाही, त्यामुळे घेतानाच पुढच्या आठ-दहा वर्षांचा विचार करावा लागतो. इंटेल प्रोसेसरचे जुने मॅक स्वस्तात मिळतात, परंतु २०२५ मध्ये आलेली मॅकच्या प्रणालीची टाहो ही त्यांच्यासाठी शेवटची आवृत्ती असल्याचे अ‍ॅपलने जाहीर केले आहे, तेव्हा तो विचार मी सोडून दिला. लिनक्स ही विनामूल्य प्रणाली मी कधी वापरलेली नाही. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप कराव्या लागतात, ही माझी समजूत बहुधा जुनी झाली असेल.

या परिस्थितीत नवे यंत्र घ्यावे की आहे त्यालाच एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपांवर माहिती साठवणारी डिस्क) बसवून लिनक्स टाकावे, आणि जुन्या फाइलींसाठी विंडोज सोडून अन्य मार्ग आहे काय, हे जाणकारांनी सांगितल्यास फार मदत होईल.

प्रतिसाद

डिस्कविषयीचा तुमचा अंदाज बरोबर आहे. हार्ड डिस्कचे शीर्ष एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जाण्यातच वेळ जातो, आणि संगणक सुरू होताना हजारो लहान फाइली वाचल्या जात असल्यामुळे ते सतत धावपळ करत राहते. एसएसडीला हा प्रवासच नाही. डिस्क जोडण्याच्या जुन्या साटा जोडणीवरही ती सेकंदाला सुमारे ५०० एमबी वाचते. दहा वर्षांच्या यंत्राला एसएसडी लावणे हा सर्वांत कमी खर्चाचा आणि सर्वांत जास्त गुण देणारा बदल आहे, त्यामुळे अन्य काही ठरण्याआधी तो करून टाकावा.

मात्र विंडोजकडे झुकण्याचे तुम्ही दिलेले कारण मला शंकास्पद वाटते. कृपया सेटिंग्जमध्ये 'सिस्टम टाइप' पाहून तुमचे विंडोज १० हे ३२-बिट आहे की ६४-बिट, ते सांगा. ३२-बिट प्रोग्रॅम ६४-बिट विंडोजवर सहसा चालतात, पण ३२-बिट ड्रायव्हर (उपकरणाची विंडोजशी गाठ घालून देणारा प्रोग्रॅम) चालत नाही. आणि डोंगल ओळखण्याचे काम ड्रायव्हरच करतो. विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्ती निघालेलीच नाही. म्हणजे तुमच्या डोंगलचा ड्रायव्हर केवळ ३२-बिट असेल, तर नव्या यंत्रावर पॅकेज बसेल, त्याचे चिन्हही दिसेल, पण उघडताना ते 'डोंगल सापडत नाही' असे म्हणेल.

दुसरे असे, की या फाइली वाचण्यासाठी पॅकेज लागतेच असे नाही. मजकूर वर्ड किंवा आरटीएफ स्वरूपात बाहेर काढता येत असेल, तर फॉन्टची टीटीएफ फाइल तिन्ही प्रणालींवर बसवता येते आणि मजकूर पूर्ववत दिसतो. दुरुस्तीसाठी मात्र तो युनिकोडमध्ये आणलेला बरा. फॉन्टनिहाय परिवर्तक मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नये. जुन्या पद्धतीत अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवली जातात, तर युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. 'निर्मिती' हा एकच शब्द घ्या. जुन्या फाइलीत दुसरी ऱ्हस्व वेलांटी म च्या आधी आणि रफार म च्या नंतर असतो. युनिकोडमध्ये आधी र, मग हलन्त, मग म आणि त्यानंतर वेलांटी येते. परिवर्तकाला या दोन्ही गोष्टी उचलून योग्य जागी ठेवाव्या लागतात, आणि जोडाक्षरावर रफार आला की तो हमखास अडखळतो. तुम्ही मुद्रितशोधक असल्यामुळे हे तुमच्या नजरेतून सुटणार नाही, हा भाग वेगळा.

लिनक्स घेण्याआधी ते यूएसबी ड्राइव्हवरून सुरू करून पाहावे. लिनक्सचे मिंट किंवा उबुंटू हे प्रकार 'लाइव्ह', म्हणजे न बसवता, चालवल्यास हार्ड डिस्कवर काहीही बदल होत नाही, आणि वाय-फाय, ध्वनी व स्कॅनर चालतो की नाही हे अर्ध्या तासात कळते. इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा प्रमाण कळफलक तेथे आधीच असतो, फक्त भाषांच्या यादीतून जोडावा लागतो. काळा पडदा रोजच्या कामात उघडावा लागत नाही.

प्रतिसाद

वरील मताशी सहमत आहे, पण एक सावधगिरी सांगतो. लिनक्सवर डेस्कटॉपचे वर्ड नाही; ब्राउझरमधील वर्ड किंवा लिबरऑफिस हा विनामूल्य पर्याय वापरावा लागतो. लिबरऑफिस ट्रॅक चेंजेस आणि टिपा सांभाळते, परंतु फाइल निर्मला किंवा मंगल फॉन्टमध्ये असेल आणि तो फॉन्ट यंत्रावर नसेल, तर दुसरा फॉन्ट घातला जाऊन ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात. 'पान ४७, ओळ ६' अशा भाषेत प्रकाशकाशी बोलणाऱ्या माणसाला हे परवडत नाही. शिवाय नवा विंडोज लॅपटॉप घेतलाच, तर आर्म (इंटेल-एएमडीहून वेगळ्या रचनेच्या) प्रोसेसरचा घेऊ नये. त्यावर नेहमीचे प्रोग्रॅम अनुकरणाने चालतात, पण जुन्या स्कॅनरचे ड्रायव्हर त्या प्रोसेसरसाठी स्वतंत्र लिहिलेले नसतील तर चालत नाहीत.

मूळ प्रश्नकर्तीकडून

दोघांचेही मनापासून आभार. सिस्टम टाइप पाहिला: माझे विंडोज १० खरोखरच ३२-बिट आहे. डोंगलसोबत आलेल्या सीडीवरील ड्रायव्हरही ३२-बिटचाच निघाला. नवे यंत्र घेऊन बसले असते आणि ज्या एका कारणासाठी घेतले तेच साधले नसते.

मिंट यूएसबीवरून चालवून पाहिले. वाय-फाय आपोआप जोडले गेले आणि स्कॅनरचे नाव यादीत दिसले, तेव्हा मला जरा आश्चर्यच वाटले, कारण विंडोजवर त्याच्यासाठी उत्पादकाचा अवजड प्रोग्रॅम बसवावा लागला होता. दोन पाने व्यवस्थित स्कॅन झाली. त्यानंतर एक जुनी फाइल युनिकोडमध्ये आणून तपासली. वेलांट्या ठीक होत्या, पण 'दुसऱ्या' हा शब्द शोधला तर सतरापैकी पाचच ठिकाणी सापडला. उरलेल्या बारा ठिकाणी परिवर्तकाने साध्या र नंतर हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक (पडद्यावर न दिसणारे चिन्ह) घातला होता, आणि मी टाइप केलेल्या शब्दात नुक्त्याचा ऱ होता. दिसायला दोन्ही अगदी सारखे, संगणकाला मात्र दोन वेगळे शब्द.

माझा आता असा विचार आहे की कामासाठी इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरचे, १६ जीबी रॅमचे, विंडोज ११ असलेले यंत्र घ्यावे, ते केवळ वर्ड आणि प्रकाशकांच्या फाइलींसाठी. जुन्या डेस्कटॉपची आहे ती हार्ड डिस्क काढून, विंडोज १० आणि पॅकेजसह, इंटरनेटला न जोडता जपून ठेवावी, आणि त्याच डेस्कटॉपला एसएसडी बसवून त्यावर घरच्यांसाठी मिंट टाकावे. एकच प्रश्न उरतो: जुनी डिस्क प्रत्येक वेळी केबल बदलून लावण्याऐवजी तिची प्रतिमा (हुबेहूब प्रत) करून नव्या यंत्रावर आभासी यंत्रात (सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकात) चालवली, तर डोंगल ओळखले जाईल का?

प्रतिसाद

बहुतेक वेळा ओळखले जाते. व्हर्च्युअलबॉक्स या आभासी यंत्रे चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये यूएसबी उपकरण थेट आभासी यंत्राकडे सोपवता येते, आणि आत ३२-बिट विंडोज असल्यामुळे जुना ड्रायव्हरही चालेल. इंटेल आणि एएमडीच्या यंत्रांवर हे सुरळीत होते. एम मालिकेच्या प्रोसेसरच्या नव्या मॅकवर मात्र इंटेलसाठीचे विंडोज अशा रीतीने चालवता येत नाही, त्यामुळे मॅक न घेण्याचा तुमचा निर्णय या बाबतीतही योग्य ठरतो. प्रतिमा चालवल्यावर विंडोज पुन्हा सक्रिय करण्यास सांगेल, कारण त्याच्या दृष्टीने ते वेगळे यंत्र असते. मूळ डिस्क पुसण्याची घाई करू नका. आभासी यंत्रात डोंगल लावून किमान दहा-बारा फाइली उघडून, छापून पाहा आणि सर्व सहाशे फाइली आरटीएफमध्ये बाहेर काढून दोन ठिकाणी ठेवा; डोंगल हे शेवटी प्लॅस्टिकचे बोटभर उपकरण आहे, आणि ते बिघडले तर दुसरे देणारे आता कोणी नाही.